अन् एक अर्धं

गजू, तुझ्या तेरवीलाही मला तुझा हेवा वाटला. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर सांगू म्हटलं की मी टाळतो, आणि ते तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही. बेसाच्या तुमच्या बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये मांडव घातला होता. पंगती उठत होत्या आणि हिंगण्याहून कंपनीच्या बसने आलेली तुझी कारखान्यातली माणसं एकमेकांना तुझे किस्से सांगत होती. कुठल्या मशीनचा आवाज ऐकून तू बिघाड ओळखलास, कोणाच्या मुलीला शाळेच्या प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याचं धरण करून दिलंस. त्यातला एकही किस्सा मला माहीत नव्हता. एकाने मला विचारलं, "तुमी कोन भाऊ?" मी म्हणालो, "मित्र." तो म्हणाला, "आमीबी मित्रच," आणि बुंदी वाढत पुढे गेला. तीस वर्षांची आपली दोस्ती, आणि तुझ्या मांडवात मी पंगतीतला एक माणूस. पोटात दुखलं. लोकांना मी दुःखाने दुखलं असं सांगू शकलो असतो, पण ते निव्वळ दुःख नव्हतं.

आठवतं ना, आपली ओळख कशी झाली? सीताबर्डीच्या एका खेळण्यांच्या दुकानात, वरच्या फळीवर धूळ खात पडलेले दोन सारखे डबे. एकावर माझा हात पडला, दुसऱ्यावर तुझा. आत लढाऊ विमानाचे सुटे प्लास्टिकचे भाग: कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. दुकानदार म्हणाला, लहान लेकरासाठी घेत असाल तर नेऊ नका, जमत नाही. आपण दोघांनीही पैसे काढून ठेवले. बाहेर पडल्यावर कळलं, दोघंही प्रतापनगरचे, एका गल्लीच्या अंतराने राहणारे. एकाच बसने डबे मांडीवर घेऊन घरी आलो.

नऊ दिवसांनी तू विमान घेऊन माझ्या दारात उभा. दोन भाग कुठे जोडले ते शोधून सापडत नव्हतं. माझ्या विमानाच्या काचेवर गोंदात माझ्याच अंगठ्याचा ठसा उमटून बसला होता. "होते गा असं," तू म्हणालास. "पुढच्याले नाही होनार." पुढच्याला झालं. त्याच्या पुढच्यालाही झालं. तुझी बोटं जाड, नखांत कायम ग्रीस, कारखान्यात साचे घासून घासून पेरं चपटी झालेली. माझी बोटं लांबसडक. आई म्हणायची, कलावंताची बोटं आहेत. या बोटांनी मी चौतीस वर्षं सरकारी फायलींना टाचण्या लावल्या आणि तू त्या जाड बोटांनी जहाजाच्या कठड्याला केसाएवढी तार ओवायचास. देवाने वाटप करताना डबे बदलले असावेत असं मला खूपदा वाटलं.

मग तू ती पद्धत काढलीस. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी गच्चीवर उन्हात बसायचं आणि वर्षाचे तीन आकडे एकमेकांना वाचून दाखवायचे. घेतले, बांधले, विकले. भिंतीवरच्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान काढायचं, त्याच्या मागे लिहायचं आणि सही करायची. ज्याचे घेतलेले डबे बांधलेल्यांपेक्षा जास्त, त्याने तर्री-पोहे आणायचे. नियम तुझाच. बावीस वर्षं पोहे मीच आणले. पोहेवाल्याने मला विचारणं सोडून दिलं होतं. मी दिसलो की तो तर्रीची पिशवी बांधायला घ्यायचा.

तुझे आकडे कसे असायचे? घेतले चार, बांधले सहा, विकले तीन. डबा नसला तर तू पुठ्ठ्यातूनही घडवायचास. माझे: घेतले नऊ, बांधलं एक, विकले शून्य. शोभा, माझी बायको, माळ्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगते, "यायची फौज हाय वर. अजून डब्यातून बाहेर नाही आली." तू त्यावर दरवर्षी नव्याने हसायचास. मी तुला म्हणायचो, घेणं हासुद्धा छंदच आहे, डबा उघडला की त्यातलं विमान एकच होतं, न उघडलेल्या डब्यात ते कसंही होऊ शकतं. तू संत्र्याची फोड तोंडात टाकून म्हणायचास, "डब्बा म्हंजे मॉडेल नाही गा सुरेश. डब्बा म्हंजे डब्बा." हा वाद आपण बावीस वेळा केला आणि एकदाही संपवला नाही. माझं म्हणणं अजून तेच आहे. आता तू उलट बोलू शकत नाहीस म्हणून मी जिंकलो असं मी धरणार नाही.

आणि तू विकायचास कसा! सहा-सहा महिने डोळे फोडून बांधलेलं विमान पुण्याचा कोणी माणूस फोनवर मागायचा आणि तू ते कापसात गुंडाळून कुरियरवाल्याच्या हातात द्यायचास, जशी काही घरी जास्तीची झालेली वांगी. मला वाटायचं, मी असं एक जरी बांधलं असतं तर उशाशी ठेवून झोपलो असतो. "जागा पाह्यजे ना पुढच्याले," एवढंच तुझं उत्तर. तुझ्या हाताचा हेवा वाटायचा तो वाटायचाच, पण हातातलं सोडून देता येण्याचा जास्त वाटायचा.

एका वर्षी माझा रणगाडा निम्मा झाला होता. चाकं लागली होती, वरची तोफ बाकी होती. मी म्हटलं, अर्धा धर, म्हणजे माझं दीड होईल. तू पान माझ्यापुढून ओढून घेतलंस. "अर्धं धराचं नाही. झालं तं झालं, नाही तं नाही." दोन दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. पुढच्या पावसाळ्यात रणगाडा एकदाचा पुरा केला, वर वार्निश मारलं आणि तासाभरात सगळा पांढरट पडला, जशी काही आंघोळीनंतरची आरशावरची वाफ. मी रडकुंडीला आलेलो. तू आलास, म्हणालास, ओल्या हवेने होतं, घाबरू नको. कोरड्या दिवसाची वाट पाहिलीस आणि नुसत्या थिनरचा बारीक फवारा असा लांबून मारलास. माझ्या डोळ्यांदेखत पांढरेपणा विरून गेला. "शिकून घे," म्हणालास. शिकलो. तो उपाय मला येत होता, गजू. तुला तर येतच होता. पुढे जे सांगायचं आहे ते यासाठी ध्यानात ठेवायला हवं.

आता जहाजावर येतो.

दोन हात लांबीची ती युद्धनौका तू दीड वर्ष बांधलीस. त्या काळात मी तुझ्याकडे यायचो तेव्हा मला खुर्ची नसायची, खुर्चीवर जहाजाच्या तोफा वाळत असायच्या. लाकडी डेकची एकेक फळी तू वेगळ्या छटेत रंगवली होतीस. मी चहा पिताना त्या फळ्या मोजायचो आणि मनात म्हणायचो, कुठे तरी चुकेल, एक तरी चुकेल. नाही चुकली. मग बेसाला तुमचा फ्लॅट तयार झाला, मे महिन्यात सामान बांधायला काढलं, आणि तुझ्या घरात जहाजाला शेवटचं वार्निश मारायला कोपराही उरला नाही. तू जहाज माझ्याकडे आणलंस. मागच्या खोलीत, टेबलावर, जुन्या चादरीवर. सकाळीच वार्निशचा भरपूर ओला हात मारलास आणि दारात वळून म्हणालास, "दुपारपर्यंत कूलर लावू नको गा या खोलीत. हवा कोरडी पाह्यजे. झाल्यावर झेंड्याची दोरी ओवतो, मंग पुरं." आणि सामान बांधायला निघून गेलास.

मी एकटाच त्या खोलीत राहिलो. शोभा माहेरी गेली होती. ओल्या वार्निशमध्ये जहाज असं चमकत होतं की जणू पाण्यातून नुकतंच वर आलं आहे. मी बराच वेळ पाहिलं. मला ते सुंदर वाटलं नाही असं नाही. फार सुंदर वाटलं. आणि त्याच वेळी वाटलं की आता हे पुढच्या रविवारी मॉडेलांच्या प्रदर्शनात जाईल, माणसं वाकून वाकून बघतील, आणि मी बाजूला उभा राहून सांगत असेन, मी यांचा मित्र. मी कूलरच्या टाकीत पाणी आहे का ते बघितलं. खस ओली केली. कूलरचं तोंड टेबलाकडे वळवलं आणि बटण दाबलं. चुकून नाही. विसरून नाही. उकडत होतं म्हणून तर अजिबातच नाही, मी बाहेरच्या खोलीत पंख्याखाली जाऊन बसलो.

तू आलास तेव्हा जहाज पांढरं पडलं होतं. टोकापासून टोकापर्यंत, दीड वर्षाच्या त्या फळ्यांवर दुधाची साय धरावी तसं. मी तोंड पाडून म्हणालो, "लाइट गेली होती. बटणं दाबून पाहिली, त्यात कूलरचं चालूच राहिलं, लाइट आली अन् आपोआप सुरू झाला. मी बाहेर होतो, समजलंच नाही." तू जहाजाकडे पाहिलंस. मग माझ्याकडे. मग कूलरकडे. म्हणालास, "होते गा असं." बस, एवढंच. आणि जहाज उचलून घेऊन गेलास.

त्या डिसेंबरला तू तुझे आकडे वाचलेस. "घेतले तीन, बांधले पाच, विकले दोन." थांबलास. "अन् एक अर्धं."

मी म्हटलं, "अर्धं धरायचं नाही, नियम तुझाच आहे."

"हे अर्धं येगळं हाय," तू म्हणालास आणि संत्रं सोलायला घेतलंस.

त्यानंतर दरवर्षी. बांधले सहा, अन् एक अर्धं. बांधले चार, अन् एक अर्धं. आठ वर्षं, आठ पानं. मला कळायचं की ते जहाज तसंच पांढरं, झेंड्याच्या दोरीशिवाय, बेसाला कपाटावर पडलं आहे. आणि मला एक प्रश्न पडायचा, जो मी कधीच विचारला नाही: ज्या माणसाने माझा रणगाडा दहा मिनिटांत साफ करून दिला, तो स्वतःचं जहाज का करत नाही? मी समजायचो, तुझं मन उडालं. कधी कधी तर बरं वाटायचं की एक तरी गोष्ट तुझ्याने पुरी झाली नाही. आज हे लिहिताना हात आखडतो, पण वाटायचं खरं.

हे शेवटचं वर्ष मी काही घेतलं नाही. दवाखान्याच्या चकरांत दुकानात जायची इच्छाच मेली. तू मात्र अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइलवर दोन डबे मागवलेस. तुझा हात तेव्हा पाण्याचा पेला धरतानाही थरथरायचा. मी म्हणालो, "काहून घेतले गा? बांधशील कधी?" तू म्हणालास, "तुयाकडून शिकलो. डब्यातबी मजा असते." मग जरा दम घेऊन, "या वर्षी पोहे माह्याकडं लागते वाटते."

त्याच दुपारी वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. तू डोळे मिटून पडला होतास. मला वाटलं झोपलास. तर म्हणालास, "सुरेश, काही सांगाचं हाय का गा?"

मी म्हणालो, "नाही. तू आराम कर."

तू मान हलवलीस, तशी काही रागाने नाही. पाय दाबून देऊ का विचारलं तर म्हणालास, दे. मी दाबत बसलो. हे जे न सांगणं आहे, ते मी कितीही वेळा मनात फिरवलं तरी तिथेच येऊन थांबतं, तुझ्या पायांपाशी.

तेरवीची माणसं गेल्यावर मीनावहिनींनी मला वर बोलावलं. जहाज टेबलावर काढून ठेवलेलं. आठ वर्षांत त्यावर धूळ नव्हती, तू पुसत असणार. शेजारी डिसेंबरचं पान, मागे तुझ्या वाकड्या झालेल्या अक्षरात: घेतले दोन, बांधले शून्य, विकले तीन. अन् एक अर्धं.

"भाऊजी, हे तुमी घेऊन जा," वहिनी म्हणाल्या. "त्यायनं सांगून ठेवलं होतं. मी कितीदा म्हटलं, तुमाले येते तं तुमीच करून टाका ना साफ. तं म्हने, येते मले, पन ते काम माहं नाही. सुरेशचं हाय."

त्या पदराने डोळे पुसत होत्या, आणि अगदी सहज, सामान आवरताना माणूस जुनं काही आठवतं तसं म्हणाल्या, "त्या दिवशी मी मिक्सरवर चटनी वाटून राहिली होती. हे जहाज घेऊन आले अन् म्हने, सुरेशच्या घरची लाइट गेली होती. मी म्हटलं, त्यायचीच कशी गेली? आपन तं एकाच डीपीवर हाय. तं नुसते हासले."

एकच डीपी. आपल्या दोन्ही गल्ल्यांना एकाच खांबावरून वीज. माझ्याकडे जायची तेव्हा तुझ्याकडे जायची, तू बेसाला जाईपर्यंत आपण अंधारात एकमेकांना गच्चीवरून हाका मारल्या. एवढं साधं माझ्या लक्षात आलं नाही. खोटं बोलायचं तरी धड बोलावं. तू घरी पंख्याखाली सामान बांधत होतास, मिक्सर चालू होता, आणि मी तुला सांगत होतो की लाइट गेली होती. तुला पहिल्या मिनिटाला कळलं होतं.

म्हणजे आठ वर्षं तू उन्हात बसून "अन् एक अर्धं" म्हणत होतास, ते आकडा सांगायला नव्हतं. दरवर्षी एकदा तू दार उघडं करून ठेवत होतास आणि मी पोह्यांवर तर्री ओतत होतो. मला तुझा राग आला, गजू. एकदा तरी शिवी द्यायची होतीस. कॉलर धरायची होतीस. आठ वर्षं गप्प बसणं, रोज धूळ पुसणं, पोहे खाऊन माझ्याच घरी हात धुणं, हे कोणाला जमतं? यातही तूच पुढे. माफ करण्यातसुद्धा मला तुझ्या बरोबरीने बसू दिलं नाहीस.

जहाज ऑटोत मांडीवर घेऊन घरी आणलं. तीन दिवस त्याला हात लावायची हिंमत झाली नाही. चौथ्या दिवशी सकाळी चांगलं कोरडं ऊन पडलं होतं. जहाज गच्चीवर नेलं, थिनर भरला, तू दाखवलंस तेवढ्या लांबून फवारा मारला. आधी काहीच झालं नाही. मग टोकाकडून पांढरेपणा सरकायला लागला आणि खालून एकेक फळी वर आली, प्रत्येक वेगळ्या छटेची. सगळं जसंच्या तसं होतं. एकही चूक नव्हती, आठ वर्षांपूर्वीही नव्हती. मी तिथेच खाली बसलो आणि हमसून रडलो, शोभा वर धावत आली तोवर. तिला वाटलं मी तुझ्यासाठी रडतोय. तुझ्यासाठीच रडत होतो. पण इतकं सुंदर काम मला कधीच करता येणार नाही, हेही त्या रडण्यात होतंच, तुझ्याशी खोटं बोलायचं नाही असं आता ठरवलं आहे.

झेंड्याची दोरी मी ओवली. चार वेळा तुटली. पाचव्यांदा लागली, थोडी वाकडी आहे. बारकाईने पाहणाऱ्याला लगेच कळेल की ती एवढीच जागा दुसऱ्या माणसाने केली आहे. राहू दे.

आज शनिवार. उद्या डिसेंबरचा शेवटचा रविवार. मी माझं पान लिहून ठेवलं आहे: घेतले शून्य, बांधले शून्य, विकले शून्य. अन् एक अर्धं. तुझं पान शेजारी ठेवीन. दोन्ही पानांवर पहिल्यांदा सारखी ओळ आहे.

आणि हिशेब नियमाने करायचा म्हटलं तर अर्धं धरायचं नाही. तुझे घेतले दोन, बांधले शून्य. माझं शून्याला शून्य, मी सुटलो. बावीस वर्षांनंतर पहिल्यांदा पोहे तुझ्याकडे लागले, गजू. उद्या मी आणणार नाही. जहाज उन्हात ठेवून उपाशी बसून राहीन. तू आलास की तुला आधी तेच सांगायचं आहे, लाइट गेली नव्हती.